खुडायचा राहिलेला मोहोर

ताई, काल तुझा तेरावा झाला आणि माझी शेवटची सबब संपली.

सुतकात पानाफुलाला हात लावायचा नसतो, हे मी घरात येणाऱ्या प्रत्येकाला इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगत होतो की शेवटी मीना म्हणाली, "अहो, तुम्ही कधीपासून एवढे सोवळे झालात?" मी बायकोलाही तेच शास्त्र ऐकवलं. खरं उत्तर असं होतं की मला मागच्या अंगणात जायची भीती वाटते. तिथे तुझं केसरचं कलम उभं आहे, माझ्या कमरेला जेमतेम लागेल एवढं. त्याच्या शेंड्याला मोहोर आला आहे. तो मी खुडायचा होता आणि मी तो खुडलेला नाही.

हस, हस. हौशी नाटकांत जन्मभर सेनापतींची कामं केलेला, लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाची वाटी हातात धरून तासभर गोष्टी सांगणारा, पन्नाशी ओलांडलेला तुझा भाऊ स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा एका बोटाने सरकवतो, एका रोपट्याकडे चोरून बघतो आणि पडदा पुन्हा ओढून घेतो. रोपट्याचं कर्ज बुडवून लपल्यासारखा.

भेटायला येणाऱ्यांना मी आपली नर्सरीची गोष्ट सांगतो. सगळ्यांचे आवाज काढून, हातवारे करून. लोक डोळे पुसत पुसत हसतात आणि जाताना म्हणतात, नंदूने फार धीराने घेतलंय हो. त्या गोष्टीतला शेवटचा भाग मी गाळतो. तो फक्त तुला माहीत आहे, म्हणून तो तुलाच सांगतो.

तुझा रिपोर्ट ज्या दिवशी यायचा होता, नेमका तोच दिवस तू आंब्याचं झाड आणायला काढलास.

"आजच?" मी विचारलं.

"मग काय, फोनकडे बघत घरात बसू? पाऊस तोंडावर आलाय, कलम लावायचं तर आत्ताच. आणि हे बघ, दवाखान्यात मी तुझा नंबर दिलाय. खरेदी करताना मध्येच कुणी बोललेलं मला खपत नाही."

झालं. तुझा निरोप माझ्या शर्टाच्या खिशात. जिवंत विंचू खिशात घालून मी गाडी हाकत होतो. हडपसरचा पूल ओलांडेपर्यंत मी तुला आमच्या ऑफिसातल्या नव्या साहेबाची नक्कल करून दाखवली. मग शेजाऱ्यांच्या कुत्र्याची. मग त्या शेजाऱ्यांची. लोणी काळभोर आलं तेव्हा मी माझ्या मुंजीतल्या भटजींपर्यंत पोचलो होतो. तू खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस, "नंदू बोलत सुटला की समजायचं, घाबरलाय."

तू हे लहानपणापासून म्हणायचीस. बाकी कुणालाच ते कधी कळलं नाही, मीनालासुद्धा नाही. सगळ्यांना वाटतं की मी रंगात आलोय.

नर्सरी तुला आठवते तशीच लोकांना सांगतो. हिरव्या जाळीखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले शेठ, गळ्यात चेन, डोळ्यांवर सावलीतही काळा चष्मा. आत शिरल्या शिरल्या मला एक लिंबाचं झाड दिसलं. गुडघ्याएवढं झाड आणि त्याला चक्क चार पिवळीधमक लिंबं. मी तिथेच विरघळलो.

"ताई, हे बघ! तयार! आज नेलं की उद्या सरबत!"

"ते गिऱ्हाइकं ओढायला दारात ठेवलंय. अशा एवढ्याशा पोराला चार पोरं झालीत, त्याची तब्येत बघ आधी."

आणि खरंच त्याची पानं पिवळी पडली होती. ते मला दिसलं नव्हतं, मला फक्त लिंबं दिसली होती.

"काय पायजे ताई? आंबा, चिकू, पेरू, फणस, समदं हाय," शेठ उठून आले.

"आंबा. केसर," तू म्हणालीस.

"हापूस," मी म्हणालो.

"हापूस पुण्यात रुसतो."

"रुसला तर मी समजूत काढीन. जन्मभर तुझी काढतोय."

"तू? माझी?" असं म्हणून तू शेठकडे अशा नजरेने बघितलंस की तेही बिचारे चष्मा काढून हसले.

हापूस की केसर हे भांडण आपण त्या दिवशी मिटवलं नाही. मिटवायची घाई नव्हती, भांडायला वेळ भरपूर आहे असं मी धरून चाललो होतो. तुला सांगतो, मला अजूनही वाटतं की हापूस आला असता.

मग तू रांगेतून चालू लागलीस. एकेक पिशवी उचलून तू तिचा तळ बघत होतीस. तळातून मुळं बाहेर येऊन वेटोळी झाली असतील तर ते झाड फार दिवस पिशवीत कोंडलेलं, म्हणून बाद. जिथे कलम बांधलेलं असतं तो सांधा तू अंगठ्याने दाबून बघत होतीस. सांधा फुगलेला, म्हणून बाद. मी माझ्या खांद्याएवढं एक देखणं कलम पुढे केलं, तर "उंची बघून जावई निवडतात नंदू, झाड नाही," म्हणून तेही बाद.

शेठ कंटाळले. त्यांनी एक भरदार कलम माझ्यासमोर आपटलं. "साहेब, ह्ये न्या. पुढच्या वर्षी आंबं खाल. लिवून देतो."

पुढच्या वर्षी. ताई, तोवर सगळं ठीक चाललं होतं. तुझ्या हातातली पिशवी हवेत तशीच राहिली. लगेच तू फणकाऱ्याने म्हणालीस, "काहीही सांगू नका. कलम झालं तरी नीट आंबा धरायला चार वर्षं जातात."

आणि मी काय केलं? आपल्या घराण्यात जे कुणी कधी केलेलं नाही ते. मी दुकानदाराची बाजू घेतली. "अगं, त्यांचा रोजचा धंदा आहे. ते म्हणतायत पुढच्या वर्षी, तर येत असतील पुढच्या वर्षी."

"भाजीवाल्याने वांगी ताजी आहेत म्हटलं तरी तू मला चार वेळा विचारतोस."

"वांग्याचं वेगळं असतं."

शेठ खूश झाले. "साहेबांना कळतंय बगा!" कळत काहीच नव्हतं. मला फक्त कुणीतरी छातीठोक सांगणारा हवा होता की पुढच्या वर्षी तुम्ही दोघं आंबे खाणार आहात. तो काळा चष्मा घालून सांगत असला तरी माझी हरकत नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला.

माझा हात खिशाकडे जाईना. तू पाठमोरी होतीस. मी नारळाच्या रोपांमागे जाऊन फोन घेतला. एक मुलगी मंजुळ आवाजात विचारत होती, सर, आपल्याला पर्सनल लोन हवंय का? त्या मुलीइतकं प्रेम मी जन्मात कुणावर केलं नसेल. मी तिची चौकशी केली, जेवलीस का विचारलं, व्याजाचा दर काय, मुदत किती, सगळं विचारलं. शेवटी तीच घाबरली आणि तिने फोन ठेवला. परत येऊन मी तुला ते साभिनय सांगितलं. तू हसलीस. लोकांना सांगताना माझी गोष्ट इथे संपते. टाळ्या.

पुढचा भाग गाळतो तो असा की लगेच दुसरा फोन आला. मी पुन्हा नारळांमागे गेलो. दवाखान्यातल्या बाई होत्या, आवाज अगदी साधा. रिपोर्ट आलाय, डॉक्टरांनी उद्याच बोलावलंय, म्हणाल्या. "पेशंटबरोबर नातेवाईकाला घेऊन या."

"मीच नातेवाईक आहे," मी म्हणालो.

त्या म्हणाल्या, "हो का. मग तुम्ही याच."

ताई, नारळाच्या रोपांमागे उभं राहून मी किती वेळ पानं मोजल्यासारखं करत होतो, देव जाणे. मग मी सेनापती झालो. छाती पुढे, चेहऱ्यावर हसू, आणि मोठ्याने ओरडत रोपांमधून बाहेर आलो, "काय चिकट आहे गं ती लोनवाली, पुन्हा केला फोन!"

तू माझ्याकडे बघितलंस. हातात एक किडमिडं, जरा तिरकं वाढलेलं कलम होतं.

"नंदू," तू म्हणालीस, "नाटकात तू याच्यापेक्षा बरं काम करतोस."

एवढंच. फोन कुणाचा, ते काय म्हणाले, काही विचारलं नाहीस. शेठकडे वळलीस. "हे द्या. आणि आता खरं सांगा, पहिली किती वर्षं मोहोर खुडायचा?"

शेठने चष्मा काढला. तुझ्या आवाजात काहीतरी असणार. "तसं बगा ताई... मोहोर तर पुढच्या सालीबी दिसंल. पन तीन वर्षं खुडला तर झाड जोर धरतं. मग पोटभर खा."

"ऐकलंस?" तू मला म्हणालीस. "तीन वर्षं. नखाने खुडायचा, कात्री लावायची नाही, ओढायचा तर मुळीच नाही."

जी गोष्ट मी नारळांमागे ऐकून आलो होतो ती तुला माझ्या तोंडावर वाचता आली होती, आणि ती वाचून झाल्यावर तू हा प्रश्न विचारलास.

परतताना कलम तुझ्या पायांशी होतं आणि त्याचं एक पान तुझ्या गुडघ्याला सारखं लागत होतं. मी म्हणालो, "पण तो आधी म्हणालाच होता की, पुढच्या वर्षी..."

"तो कलमं विकायला बसलाय. तू मला काय विकतोयस?"

त्यानंतर हडपसरपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. माझ्या आयुष्यातला हा विक्रम असेल. सिग्नलला गाडी थांबल्यावर तू म्हणालीस, "मिरच्या घ्यायच्या राहिल्या," आणि आपण मिरच्या घेतल्या.

पुढचे महिने आपण दोघांनी कसे काढले, ते इथे नको. पण कलम लावलं तो दिवस हवा. तू अंगणात खुर्ची टाकून बसलीस, डोक्याला माझी माकडटोपी, भर पावसाळ्यात. मी खड्ड्यात. "सांधा मातीच्या वर ठेव. पुरू नकोस त्याला. वर म्हणतेय ना!" तुझ्या आवाजाने शेजाऱ्यांना वाटलं की भांडण चाललंय. माती लोटून झाल्यावर मी झाडापुढे गुडघ्यावर बसून स्वागताचं भाषण केलं. तू टाळ्या वाजवल्या नाहीस. माझ्या कुठल्याच प्रयोगाला तू कधी टाळ्या वाजवल्या नाहीस, फक्त उठून कधी गेली नाहीस. इतकी वर्षं पहिल्या रांगेत बसून मला सहन केलंस, त्याचे आभार मानायचे राहून गेले. मानले असते तर तू म्हणाली असतीस, तिकीट फुकट होतं.

पौषात मोहोर आला. तोवर तू वरच्या खोलीतून खाली उतरत नव्हतीस, पण तुझी खिडकी थेट अंगणावर. माझ्याआधी तुला दिसला.

"नंदू, मोहोर आलाय. खुड."

"आज शनिवार आहे."

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन वर आलो तर, "खुडलास?"

"आज अमावस्या."

"अमावस्या होऊन आठवडा झाला. तू कधीपासून पंचांग बघायला लागलास?"

मग एके दिवशी मी बोललोच. "एकच ठेवू गं. एकच आंबा. बाकी सगळा खुडतो. मे महिन्यात..."

"कुणासाठी?"

मी चहाचा कप तुझ्यापुढे सरकवला.

"माझ्यासाठी ठेवणार असशील तर मुळीच नको," तू म्हणालीस. "एवढंसं झाड आहे. सगळी ताकद त्या एका आंब्यात घालील आणि खुंटेल."

"एका आंब्याने काही खुंटत नाही कुणी."

"तुला दहावीत असताना बोहल्यावर चढवलं असतं म्हणजे कळलं असतं."

"मी असाही खुंटलोच आहे."

"ते दिसतंय," म्हणालीस आणि हसताना तुला ठसका लागला. तो थांबेना. मी तुझी पाठ चोळत होतो आणि माझ्या हाताला तुझी हाडं लागत होती. तेव्हा मी तुला शेजाऱ्यांच्या कुत्र्याची गोष्ट सांगायला लागलो. तू ठसक्यातही हाताने खूण केलीस, कळलं, कळलं.

आपलं हेही भांडण मिटलं नाही. रोज सकाळी तू विचारायचीस, "खुडलास?" मी म्हणायचो, "उद्या." तू मला एक शेलकी शिवी द्यायचीस आणि दिवस सुरू व्हायचा. मला ते आवडायला लागलं होतं. जोवर तू माझ्यावर चिडतेयस तोवर सगळं जागच्या जागी आहे, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

मग ती सकाळ. "खुडलास?" तू विचारलंस, डोळे मिटूनच.

"उद्या," मी म्हणालो आणि शेलकीची वाट बघत उभा राहिलो.

"बरं," तू म्हणालीस.

ताई, फोनला घाबरलो, रिपोर्टला घाबरलो, सुया, सलाईन सगळ्याला घाबरलो. पण त्या 'बरं'ने जो घाबरलो तसा कधीच नाही. तू माझं ऐकलंस. मी जिन्यात बसलो आणि मीनाने खालून विचारलं, काय झालं, तर मी हातानेच खूण केली, काही नाही. मला तेव्हा म्हणायचं होतं की भांड. मला म्हणायचं होतं की मी आत्ता जातो आणि सगळा खुडतो, पण तू मला बरं म्हणू नकोस. त्यानंतर तू मला काही विचारलं नाहीस.

आता कलमावर मुगाएवढ्या कैऱ्या धरल्या आहेत. येणारे सगळे मागच्या दारात उभे राहून बघतात. "ताईंनीच पाठवल्यात," म्हणतात आणि पदर डोळ्यांना लावतात. मीनाने काल शेंड्याला आधार म्हणून काठी रोवली आणि तुझ्या जुन्या साडीच्या काठाने तो बांधला. मला म्हणाली, "एक तरी राहू द्या हो यंदा. त्यांचा म्हणून."

मी हो म्हणणारच होतो. मला हेच तर हवं होतं. जोवर ती कैरी तिथे आहे, तोवर मे महिना यायचा आहे आणि तू सुरी मागणार आहेस. खुडली की संपलं. मग तू आंबा खायला येणार नाहीस हे माझ्या नखाने ठरलं, असं होईल. याची भीती वाटते, ताई. दार उघडायची भीती वाटते ती याची.

इथवर काल रात्री लिहून ठेवलं होतं. आज सकाळी पडदा सरकवला. उन्हं चढायची होती अजून. कलम काठीवर रेललं होतं. खालची पानं मिटल्यासारखी लोंबत होती, कडा पिवळ्या. मला एकदम नर्सरीच्या दारातलं ते लिंबाचं झाड दिसलं. चार लिंबं आणि पिवळी पानं. त्या दिवशी मला फक्त लिंबं दिसली होती.

मी दार उघडलं.

भाषण केलं नाही. कुठली नक्कल नाही, गोष्ट नाही. झाडापुढे उकिडवा बसलो. नखाने खुडला, तू सांगितलंस तसा, न ओढता. मोहोर मऊ होता, कैऱ्या हातात गोळा झाल्या, हिरव्यागार, मूठ उघडली तरी दिसू नयेत एवढ्या. शेवटची एक राहिली तेव्हा मी थांबलो. खूप वेळ थांबलो. मग तीही खुडली.

साडीचा काठ सोडला नाही. तो राहू दे.

सवयीने मान वर गेली आणि मी ओरडलो, "खुडला गं!"

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई दचकल्या. तुझी खिडकी उघडी होती. मीना खोलीत हवा खेळती राहावी म्हणून रोज उघडते. मी तिकडे बघत उभा राहिलो, एखादी शेलकी येईल म्हणून. मान दुखेपर्यंत उभा राहिलो.

शेठने तीन वर्षं सांगितली आहेत. पुढच्या पौषात पुन्हा मोहोर येईल, त्याच्या पुढच्या पौषात पुन्हा. मी दर वेळी इतकाच घाबरणार आहे हे मला आत्ताच दिसतंय. खुडीन.

नखात चीक अडकलाय. बोट नाकाशी नेलं की कच्च्या कैरीचा वास येतो. मीना मघापासून साबण घेऊन मागे उभी आहे. "अहो, हात धुवा, चिकाने बोट भाजेल तुमचं."

मी म्हणालो, "उद्या."